सफारीला निघताना: जंगलं कमी, मुक्काम जास्त

ओळखीतलं कुणी पहिल्यांदाच केनियाला किंवा टांझानियाला निघालं, की सहलीचा कार्यक्रम मला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि विचारतात, "बघ ना जरा, ठीक आहे का?" मी आधी किंमत बघत नाही, हॉटेलांची नावंही बघत नाही. कुठल्या जंगलात किती रात्री मुक्काम आहे, तेवढं मोजते. सहा रात्रींत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा आणि वर जाता-येता नैरोबी असं लिहिलेलं असलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: यातली दोन नावं खोडा आणि त्या रात्री माराला द्या.

हे मी अनुभवातून सांगते आहे. माझी पहिली सहल अशीच भरगच्च होती. नकाशावर ही ठिकाणं शेजारीशेजारी दिसतात, पण नैरोबीहून मारा गाठायला पाच-सहा तास लागतात, अंबोसेलीला चार-पाच, आणि अंबोसेलीहून थेट मारा म्हटलं तर अख्खा दिवस रस्त्यातच जातो. आम्ही प्रत्येक जंगलात दुपारी पोचायचो आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता होतो न होतो तोच बॅगा परत गाडीत चढायच्या. जनावरं भरपूर दिसली. पण ती जनावरं दिवसभर करतात काय, ते काही दिसलं नाही. घरी आल्यावर फोटो बघताना कळलं, की प्रत्येक फोटोत जनावर नुसतं आमच्याकडे बघत उभं आहे.

दुसऱ्या वेळी माराच्या एकाच कॅम्पमध्ये चार रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला वाळवीच्या वारुळावर चित्त्याची मादी बसलेली दिसली, खाली गवतात तिची दोन पिल्लं. अर्ध्या तासात सहा-सात गाड्या आल्या, फोटो काढून झाले, मग रेडिओवर कुठेतरी सिंह असल्याचं कळलं आणि सगळ्या गाड्या तिकडे निघून गेल्या. आमच्या गाइडनं मागे वळून विचारलं, जायचं की थांबायचं? आम्ही थांबलो. पुढचा तासभर काहीही घडलं नाही. ती जांभया देत होती, पंजा चाटत होती, पिल्लं एकमेकांच्या शेपटीशी खेळत होती. मग एकदम तिची मान एका दिशेला रोखली गेली. ती वारुळावरून खाली उतरली आणि पिल्लं होती तिथेच चिडीचूप बसली. लांब थॉमसन्स गॅझेलचा कळप चरत होता. ती दहा पावलं चालायची, गवतात दबून बसायची, परत चालायची. शेवटची धाव दहा-बारा सेकंदांची असेल. धूळ खाली बसली तेव्हा गॅझेलचा गळा तिच्या तोंडात होता आणि ती स्वतः इतकी धापत होती, की बरगड्या दुर्बिणीशिवाय मोजता आल्या असत्या. दम खाऊन होईपर्यंत तिनं एक घासही घेतला नाही, नुसती चारी दिशांना बघत राहिली. तरसांना वास लागला तर हातची शिकार सोडून तिला निघावं लागतं. घड्याळात साडेनऊ वाजले होते. अडीच तास आम्ही एका जागी होतो आणि त्या सबंध सहलीतलं मला आज सगळ्यात नीट आठवतं ते हेच.

म्हणून पहिला हिशोब रात्रींचा. आठवडाभर हाताशी असेल तर मारामध्ये तीन किंवा चार रात्री आणि जोडीला एकच दुसरं जंगल, एवढं पुरे. हत्ती आवडत असतील तर ते दुसरं जंगल अंबोसेली ठेवा. तिथल्या दलदलीत पोटापर्यंत पाण्यात उभे असलेले हत्ती आणि मागे ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो, हे चित्र खरोखर तसंच दिसतं. मात्र पहाटे आणि संध्याकाळी. दिवस वर आला की डोंगर ढगात जातो, त्यामुळे तिथेही एका रात्रीचा मुक्काम म्हणजे नशिबाचा खेळ. गेंडे बघायचे असतील तर नाकुरू. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की जुन्या फोटोंतला तो फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेला नाकुरूचा काठ आता तसा भेटेलच असं नाही. गेल्या काही वर्षांत तळ्याचं पाणी खूप वाढलं आणि बरेच पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे गेले.

टांझानियाला जाणार असाल तर अरुशाहून सुरुवात होते आणि सेरेंगेटी व न्गोरोंगोरो ही जोडी जमते. सेरेंगेटी जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटरचं आहे, मारा त्याच्या साधारण एक दशांश. न्गोरोंगोरो म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीची प्रचंड परात: तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, कडा तळापासून सहाशे मीटर उंच. सिंह, हत्ती, गेंडे, रानम्हशी सगळं त्या परातीत एकत्र नांदतं. जिराफ मात्र तिथे शोधू नका, ते खाली राहत नाहीत. मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून असले तरी मधल्या हद्दीवरून पर्यटकांना आरपार जाता येत नाही. लांबून नाक्यावरून वळसा घालावा लागतो किंवा विमान घ्यावं लागतं. दोन्ही देश एका आठवड्यात कोंबण्याआधी याचा विचार करा.

आता महिना. आपल्याकडे सहल ठरते ती मुलांच्या सुट्टीवरून, आणि नेमकी एप्रिल-मेची सुट्टी ही तिथल्या मोठ्या पावसाची वेळ. मारामधली माती काळी आहे. तिला तिकडेही कापसाची काळी माती असंच म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तिच्याबद्दल जास्त सांगायला नको: एक जोराची सर आली, की चाकाला चिखलाचे जाड थर चढतात आणि चारही चाकांना ताकद असलेली लँडक्रूझरसुद्धा जागेवर फिरत राहते. पावसात दर उतरतात, गर्दी नसते, गवत हिरवंगार असतं, फोटो सुंदर येतात. पण गवत उंच वाढतं, जनावरं पांगतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं एवढा धोका पत्करू नये असं माझं मत आहे. अगदीच मे महिन्याला पर्याय नसेल तर शेवटचा आठवडा बघा, जूनचा पहिला आठवडा त्याहून बरा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये लवकर येत असेल तर सोन्याहून पिवळं. नोव्हेंबरात लहान पाऊस असतो. तो दुपारी तासभर पडतो आणि मोकळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे, छान. त्याच सुमाराला सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर, वाइल्डबीस्टची पिल्लं जन्माला येतात. जमिनीवर पडलेलं पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईमागे पळताना बघायचं असेल तर फेब्रुवारीत तिथे जा.

आणि ते प्रसिद्ध स्थलांतर? लाखो वाइल्डबीस्ट आणि झेब्रे पावसामागे, कोवळ्या गवतामागे वर्षभर गोल फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत ते उत्तर सेरेंगेटीत आणि मारामध्ये असतात आणि मारा नदी ओलांडतात. पण कुठल्या दिवशी, कुठल्या घाटावर, ते कुणीही सांगू शकत नाही. कळप काठावर येतो, तीन-चार तास उभा राहतो, पहिलं जनावर पाण्यात पाय घालतं आणि मगरीची चाहूल लागून मागे फिरतं, सगळा कळप परत चरायला जातो. कधी अर्ध्या तासात हजारो जनावरं धबाधबा उड्या घेतात. "नदी ओलांडणं नक्की दाखवू" असं कुणी आश्वासन देत असेल तर त्याच्याकडून सहल घेऊ नका. चार रात्रींत संधी बरी असते, दोन रात्रींत अगदी थोडी. काठावर थांबलेल्या वेळी आपल्या चालकाला "पुढे घ्या, पुढे घ्या" म्हणून टोचू नका. गाड्यांनी घाट अडवला, की कळप घाबरून उभ्या कड्यावरून उड्या टाकतो आणि त्यात पाय मोडून जनावरं मरतात.

कार्यक्रम ठरवताना आणखी एक गोष्ट विचारा: मुक्काम राखीव जंगलाच्या आत आहे, फाटकाबाहेर आहे, की कॉन्झर्व्हन्सीत? मारा राखीव जंगलाच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. त्या जमिनी एकत्र करून त्यांनी पर्यटनासाठी भाड्यानं दिल्या आहेत. मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो ही त्यातली काही नावं. तिथे मोजकेच कॅम्प असतात, एका जनावराभोवती चार-पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या राहू देत नाहीत, रात्रीची सफारी आणि पायी फिरणं या दोन्ही गोष्टींना परवानगी असते. राखीव जंगलात दोन्ही बंद. जमिनीचं भाडं थेट मसाई कुटुंबांना मिळतं, म्हणून कुंपण घालून जमीन विकण्यापेक्षा ती मोकळी ठेवणं त्यांना परवडतं. हे कॅम्प महाग आहेत, यात शंका नाही. तरीही चारपैकी दोन रात्री तिथे आणि दोन राखीव जंगलात अशी वाटणी जमली तर जरूर करा.

खर्चाचं बोलायचं तर मारामध्ये परदेशी प्रौढ माणसाला प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. दिवसाला, सहलीला नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या दरात मोठा फरक दिसला, तर हे शुल्क धरलंय की नाही ते आधी लेखी विचारून घ्या. त्यासोबत गाडी कुठली, गाडीत माणसं किती, खिडकी प्रत्येकाला मिळणार का, दिवसाला किलोमीटरची मर्यादा आहे का, हेही विचारा. छत वर उचललं जाणारी लँडक्रूझर आणि तशाच छताची व्हॅन, दोन्ही चालतात. कोरड्या दिवसांत व्हॅननं काही बिघडत नाही. पण सात माणसांच्या गाडीत सात माणसं बसवू नका. पाचच्या वर गेलं, की कुणीतरी सतत कुणाच्या तरी खांद्यावरून बघत असतं. पैसे वाचवायचे तर खोलीवर वाचवा, गाडीवर आणि गाइडवर वाचवू नका.

ताडोबा किंवा पेंच केलेल्या माणसाला आफ्रिकेत पहिला दिवस थोडा गोंधळाचा जातो. आपल्याकडे फाटक, फेरी, तीन-चार तासांची वेळ आणि दाट झाडी. वाघ दिसण्याआधी ऐकू येतो. वानराचा खाकरा, चितळाची हाक यांवर सगळं चालतं. तिथे उघडं माळरान, त्यामुळे कानांपेक्षा डोळ्यांचं काम जास्त. गाइड एका हातानं गाडी चालवत दूरच्या झाडाकडे बोट दाखवतो आणि आपल्याला झाडच सापडत नाही. म्हणून दुर्बीण हवी, आणि ती प्रत्येकाला वेगळी हवी. ८x४२ ची साधी दुर्बीण बरी पडते. एका कुटुंबात एकच दुर्बीण फिरवत बसलात, तर शेवटच्या माणसाच्या हाती ती येईपर्यंत बिबट्या फांदीवरून उतरलेला असतो. बिबट्या शोधताना आधी शेपूट शोधा. फांदीवरून सरळ लोंबणारी, टोकाला किंचित वळलेली. ती सापडली की बाकीचा बिबट्या आपोआप दिसायला लागतो.

कागदपत्रांत सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. केनियाला जाणाऱ्या भारतीयांना ती घ्यावीच लागते. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ती मिळते, तारीख आधी घ्यावी लागते आणि पासपोर्ट सोबत लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निदान महिनाभर आधी हे काम उरका. २०१६ पासून हे प्रमाणपत्र जन्मभर चालतं. पूर्वी घेतलेली लस असेल तर तेच पिवळं कार्ड शोधून काढा. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, साठी ओलांडलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. कार्ड नसेल तर परतताना मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

हिवतापाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. नैरोबी उंचावर असल्यानं तिथे धोका कमी, पण जंगलात तो आहेच. "आपल्याकडे काय कमी डास आहेत?" असं म्हणून बरेच जण गोळ्या टाळतात. आफ्रिकेतल्या हिवतापाचा मुख्य प्रकार मेंदूपर्यंत जाणारा आहे, तेव्हा ही बेफिकिरी नको. गोळ्या परतल्यावरही सांगितलेले दिवस घ्यायच्या असतात, घरी पोचलो म्हणून बंद करायच्या नाहीत.

केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि त्याऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना आणला. तो लहान मुलांनाही लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. तशीच दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. टांझानियाचा व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक व्हिसा आहे, पण त्यात टांझानिया नाही, यात अनेकांची गफलत होते. प्रवासविमा काढताना विमानानं रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बघा. माराच्या मधोमध कुणाला छातीत दुखायला लागलं तर जवळच्या धावपट्टीवरून नैरोबीला विमानानंच न्यावं लागतं. आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था १९५७ पासून हे काम करते आहे.

बॅगेचं सांगते. जंगलात छोट्या विमानानं जाणार असाल तर हातातलं सामान धरून साधारण पंधरा किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक पेटी चालत नाही. कपडे मातकट, खाकी, फिक्या हिरव्या रंगाचे. गडद निळा आणि काळा हे रंग त्सेत्से माशीला ओढतात, आणि ती माशी जाड कपड्यातूनही चावते. लष्करी छापाचे कपडे मात्र अजिबात नकोत, काही देशांत ते घालणं गुन्हा आहे. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात ठेवून लोक सुती कपडे भरतात आणि पहिल्याच पहाटे उघड्या छताच्या गाडीत कुडकुडतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, न्गोरोंगोरोचा कडा तेवीसशेच्या आसपास. महाबळेश्वर त्याच्याहून खाली. जून-जुलैच्या पहाटेला स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी लागतेच. अकरा वाजले की हे सगळं काढून मांडीवर येतं, म्हणून एकावर एक असे पातळ थर बरे.

प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. हे खास आपल्या लोकांसाठी, कारण आपण चिवडा, लाडू, चपला, ओले कपडे सगळं पिशव्यांत भरतो. केनियानं ऑगस्ट २०१७ मध्ये आणि टांझानियानं जून २०१९ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि ती कागदावरची बंदी नाही. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत तर २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही नेता येत नाहीत. कापडी पिशव्या घ्या, खाऊ डब्यांत भरा, प्रत्येकाची स्टीलची पाण्याची बाटली घ्या. ड्रोनही नेऊ नका, परवान्याशिवाय तो विमानतळावरच अडकतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याचा अडॅप्टर घ्या. वीज आपल्यासारखीच २३०-२४० व्होल्टची आहे. कॅमेऱ्याला लांब लेन्स असेल तर रिकामी कापडी थैली सोबत न्या आणि तिथे पोचल्यावर तांदूळ किंवा डाळ घेऊन ती भरा. गाडीच्या छताच्या कडेवर ती ठेवून लेन्स टेकवली, की हात हलत नाही. आणि एक जुनी ओढणी किंवा उपरणं, धुळीसाठी. अंबोसेलीच्या धुळीत कॅमेरा आणि नाक दोन्ही त्याच ओढणीत गुंडाळावं लागतं.

जेवणाची काळजी जितकी करतात तितकी करायला नको. पूर्व आफ्रिकेत आपली माणसं सव्वाशे वर्षांपासून आहेत. मोम्बासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या मजुरांनी बांधली, मागोमाग दुकानदार आले, गोव्याहून कारकून आणि डॉक्टर आले. नैरोबी नुसतं तंबूंचं गाव होतं तेव्हा डॉ. रोझेंदो रिबेरो हे गोमंतकीय डॉक्टर माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जात. त्यामुळे तिथल्या स्वयंपाकघरांना शाकाहार परका नाही. कॅम्पला आधी कळवलं तर डाळ, भात, भाजी मिळते, आणि चपाती तर स्वाहिलीतही चपातीच. चहाला चाय म्हणतात, गाडीला गारी, दुकानाला दुका. सफारी हा शब्दही आपल्या सफरीचाच भाऊ, दोन्ही अरबीतून आलेले. फक्त जैन जेवण हवं असेल तर ते स्पष्ट, लेखी आणि दोनदा कळवा. सुका खाऊ थोडा न्या, पण तंबूत उघडा ठेवू नका. माकडं तंबूची चेन सराईतपणे ओढून उघडतात. न्गोरोंगोरोच्या तळाशी जेवणाचा डबा गाडीतच बसून खा. तिथल्या घारी हातातला घास झडप घालून नेतात आणि नखं लागतात.

दिवस असा असतो: साडेपाचला उठवतात, कॉफी-बिस्किट, सहा-साडेसहाला गाडी निघते. पहिले तीन तास सगळ्यात मोलाचे. "नाश्ता करूनच निघू" असं ठरवणारा गट सकाळचा सिंह गमावतो. चालकाशी वेळ ठरवताना एक गंमत माहीत असू द्या. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळच्या सातला ते एक वाजला म्हणतात. पर्यटकांशी बोलताना ते आपल्या पद्धतीनंच सांगतात, तरी पक्कं करून घेतलेलं बरं.

गाडीतून गाइडनं सांगितल्याशिवाय उतरायचं नाही, हे मुलांना आधीच समजावून ठेवा. सिंह गाडीला एक मोठी, निरुपद्रवी वस्तू समजतो. त्या वस्तूतून हात, पाय किंवा आरडाओरडा बाहेर आला, की त्याची समजूत बदलते. टाळ्या वाजवू नका, शुकशुक करू नका, जनावराचे आवाज काढू नका. दोन तासांनी लघवी लागणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यासाठी पाणी कमी पिणं हा वेडेपणा आहे. गाइडला नुसतं सांगा. टांझानियात त्यासाठी "कुचिंबा दावा" असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे औषधाचं मूळ खणायला जाणं. तो मोकळी, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवतो, आधी स्वतः उतरून बघतो, मग तुम्ही गाडीच्या मागे जायचं. कागद परत पिशवीत घालून आणायचा. आमच्या घरच्या बायकांनी पहिल्या सहलीत संकोचापायी पाणीच प्यायलं नाही आणि तिसऱ्या दिवशी दोघी डोकेदुखीनं आडव्या झाल्या.

बहुतेक कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागी जाताना पहारेकऱ्याला, म्हणजे अस्कारीला, बोलवायचं आणि त्याच्याच सोबतीनं जायचं. पन्नास पावलांचं अंतर असलं तरी. नदीकाठच्या कॅम्पमध्ये रात्री पाणघोडे चरायला वर येतात आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला तर ते थेट अंगावर येतात. पहिल्या रात्री झोप लागत नाही. तंबूच्या कापडापलीकडे कुणीतरी गवत कराकरा उपटून खातंय, लांबून सिंहाचा घोगरा हुंकार येतोय. तंबू आतून बंद असेल तर घाबरू नका. आणखी एक: थंडीत पांघरुणाखाली पायाला काहीतरी गरम, मऊ लागलं तर किंचाळू नका, गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली असते.

पैशांचं थोडक्यात. डॉलरच्या जुन्या छपाईच्या, फाटक्या, दुमडलेल्या नोटा तिथे घेत नाहीत. नव्या, कोऱ्या नोटा न्या आणि त्यात पाच-दहाच्या जास्त ठेवा. गाइडला बक्षिसी द्यायची पद्धत आहे, माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास, शेवटच्या दिवशी पाकिटात घालून. कॅम्पमध्ये सगळ्यांसाठी एक पेटी असते, तीत वेगळे टाका. भांडी घासणाऱ्यापर्यंत ते पैसे पोचतात. मसाई गावाला भेट द्यायची असेल तर माणशी किती, ते फाटकाबाहेरच ठरवा. फोटो विचारल्याशिवाय कुणाचाही काढू नका, जंगलाबाहेर गुरं राखणाऱ्या पोरांचाही नाही. त्यांच्या गुरांबद्दल विचारा, किती आहेत ते सोडून. कुठलीचं नाव काय, दूध किती देते, असं विचारलंत तर गप्पा रंगतात. हस्तिदंत, कातडी, शिंपले, प्रवाळ यांची कुठलीही वस्तू विकत घेऊ नका, कुणी कितीही कायदेशीर म्हटलं तरी.

परतीच्या दिवशी पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टला लावून हातात ठेवा, कारण मुंबईत सामान मिळण्याआधी ते बघतात. आणि घरी आल्यावर पुढचे दोन-तीन महिने, साधा वाटणारा ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी आफ्रिकेतून आले आहे, हिवतापासाठी रक्त तपासा. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक तापाला डेंगी किंवा व्हायरल म्हणतात आणि डॉक्टरांना प्रवासाचं कळलं नाही तर मोलाचे दोन दिवस वाया जातात.